सबटायटल्स संपल्यावर

आत्या विहारातल्या बायकांबरोबर श्रीलंकेला जाऊन आली, तेव्हा दर्शनाइतकंच बसमधल्या सिनेमाबद्दल सांगत होती. जुना, ब्लॅक अँड व्हाईट, सिंहली विनोदी सिनेमा; गाइड मोडक्या हिंदीत गोष्ट सांगत होता. एक शिंपी गिऱ्हाइकासाठी शिवलेला कोट स्वतःच घालून एका लग्नात फुकट जेवायला जातो आणि लोक त्याला नवरदेवाचा मामा समजून मानाच्या जागी बसवतात. कोटाचा मालक मांडवात शिरला, तेवढ्यात अनुराधापूर आलं आणि ड्रायव्हरनं टीव्ही बंद केला.

"त्या शिंप्याचं पुढं काय झालं, तेवढं बघ गं," आत्या प्रत्येक फोनवर म्हणायची.

मला सिनेमा इंटरनेटवर सापडला, इंग्रजी सबटायटल्ससकट. रविवारी केडगावला तिच्याकडे गेले, तर टीव्हीसमोर सहलीतल्या चार बायका आधीच बसलेल्या. मी वाचून मराठीत सांगायचं होतं, मोठ्यानं. माझी शाळा इंग्रजी. मराठीत चुकेन म्हणून मी चारचौघांत गप्पच असते.

"तोंडात गूळ धरलाय का गं? जरा मोठ्यानं," शेजारच्या मावशी म्हणाल्या.

मी आवाज वाढवला. हळूहळू जमायला लागलं. मालक मांडवात शिरला आणि सबटायटल्स संपली. लिहिणारा बहुधा तिथंच कंटाळला असावा. पडद्यावर दोघं एकमेकांकडे बघत होते आणि बायका माझ्याकडे.

आत्याची बस पुन्हा तिथंच थांबवायची? मालकाचे ओठ हलले. मी म्हटलं, "मामा, बाही जरा आखूड झाली का?"

शिंपी हात जोडून काहीतरी बोलला. "घालून बघितल्याबिगर कळत न्हाई, मालक."

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. मग मी थांबलेच नाही. शेवटी मालकानं शिंप्याला पंगतीत शेजारी बसवून घेतलं. ते मात्र खरंच पडद्यावर होतं. आत्यानं समाधानानं मान हलवली.

पौर्णिमेला त्यांनी पुन्हा तोच सिनेमा लावायला सांगितला. मालक आला आणि मला माझीच वाक्यं आठवेनात. मी काहीतरी वेगळंच बोलले.

"त्यो असं न्हवता म्हनला," मावशी म्हणाल्या. "बाही आखूड झाली का, असं इचारलं त्यानं."

"मग शिंपी काय म्हणाला?" मी विचारलं.

चौघींनी एका सुरात सांगितलं. आत्या माझ्याकडे बघून गालात हसली, रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज पार बंद केला.

"हां," ती म्हणाली, "आता सांग."