जवळा बाजारपर्यंत शिरीषनं गाडी चालवली

डोळ्यांच्या डॉक्टरांचं सगळं बोलून झाल्यावर माझ्या नवऱ्यानं, शिरीषनं, एकच शब्द विचारला. "गाडी?"

काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर गेली होती. समोरचं तेवढं उरलं होतं, आणि गेलेलं परत येत नाही. "आता सोडाच," डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना शिरीष म्हणाला, "नीता, एक शेवटची ट्रिप. दिवसाउजेडी, हळूहळू. मग किल्ली तुझ्या हातात." मला गाडी येत नाही. पण ज्याच्या शेजारी बसून अर्धा महाराष्ट्र पाहिला, त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही.

नाशिकहून निघालो, चिखलदऱ्याला राहिलो आणि अकोला, वाशिम करत शेवटचे दोन दिवस हिंगोलीसाठी ठेवले. हिंगोलीला कोणी सुट्टीला जातं का, असं मैत्रिणींनी विचारलंच. पण लग्नानंतरची पहिली काही वर्षं शिरीष या भागात शेतीचे पंप विकत फिरायचा आणि संध्याकाळी बूथवरून फोन करायचा, "आज हिंगोलीत आहे." त्या गावाबद्दल मी इतकं ऐकलं होतं, पण पाहिलं कधीच नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. वाशिमपासूनचा रस्ता आता रुंद आणि छान झालाय, तासाभरात पोहोचता. हळदीच्या हंगामात गेलात तर मोंढ्याजवळ, म्हणजे शेतमालाच्या बाजाराजवळ, काच खाली करा, वास गाडीत शिरतो आणि दोन दिवस जात नाही. लॉज साधेच आहेत. खोली मागच्या बाजूची मागा, पुढे ट्रकचे हॉर्न झोपू देत नाहीत. जेवणात ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. तिखट कमी सांगितलंत तरी यायचं ते तिखटच येतं.

पहिल्या संध्याकाळी शिरीष खुशीत होता. त्याची जुनी खानावळ जाऊन तिथं मोबाईलचं दुकान आलंय, तरी तो दुकानदाराला उभं करून हसत हसत सांगत होता, "इथं आमचं ताट असायचं." चालताना तो एकदा केळीच्या गाड्याला धडकला, मग उभ्या मोटारसायकलला. "गर्दी किती वाढलीय," तो म्हणाला. गर्दी फारशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. देऊळ उन्हं चढायच्या आत बघा, दगड तापतो. गाभारा खाली तळघरात आहे, पायऱ्या अरुंद आणि अंधाऱ्या. शिरीष वरच थांबला. "तू जाऊन ये." मी वर आले तेव्हा तो भिंतीवरच्या कोरलेल्या हत्तींसमोर उभा राहून मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवत होता. एक हत्ती पुरा बघायला त्याला तेवढी मान फिरवावी लागत होती.

तिथून परत फिरायला हवं होतं. पण पुढच्या जवळा बाजार गावात त्या दिवशी आठवडी बाजार होता आणि त्याला तो मला दाखवायचाच होता.

गाडी माणसाच्या चालीनं चालली होती. दोन्ही बाजूंना मिरच्या, बांगड्या, दोरखंड, कापडाची पालं. "डावीकडे बाई आहे," मी म्हणाले. तो "हो" म्हणाला, आणि त्याच क्षणी आरसा तिला लागला. कडेवरच्या लेकरासकट ती खाली गेली.

लेकरू तिच्या अंगावर पडलं, म्हणून वाचलं. ती मनगट धरून बसली होती. क्षणात माणसं जमली. कोणीतरी बॉनेटवर हात आपटला.

"दिसत न्हाई का हो तुमाला?" ती बाई ओरडली. "एवढं माणूस दिसत न्हाई?"

शिरीष दार उघडून उतरला. आवाज न चढवता म्हणाला, "नाही. मला दिसत नाही."

हे तो कुणासमोरच बोलला नव्हता. मुलीला फोनवर त्यानं "थोडा त्रास आहे" एवढंच सांगितलं होतं. इथं अनोळखी माणसांच्या घोळक्यात उन्हात उभा राहून तो ते पुन्हा बोलला. "बाजूचं काहीच दिसत नाही मला."

गलका थांबला. एका म्हाताऱ्यानं पटक्यानं तोंड पुसलं नि शांतपणे विचारलं, "मंग काहून चालवून राहिले?"

शिरीषनं किल्ली पुढे धरली.

बाजारातल्याच एका ड्रायव्हरनं, भगवाननं, किल्ली घेतली आणि तिला दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. तिचा नवरा शेतातून धावत आला. शिरीष त्याला म्हणाला, "पोलिसात चला, मी येतो." तो माणूस प्लास्टरकडे बघत राहिला. "तक्रार करून हाड आजच जुळनार हाय का? हळद शिजवायला घेतली आमी. हातच न्हाई तर काय करावं?" खर्च आम्ही दिला. तिनं आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. शिरीषनं हात जोडले तेव्हा तिनं लेकराचं तोंड पदरानं पुसलं आणि मान वळवली. तिनं माफ करावं असं मला वाटलंही नाही.

भगवाननं गाडी हिंगोलीला आणली. शिरीष मागे बसला, स्वतःच्या गाडीत पहिल्यांदाच. नरसी नामदेव बघायचं ठरलं होतं, ते राहिलं.

दुपारी खोलीत तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "हात माझ्या कानापाशी धर. हळूहळू पुढे आण. बोटं दिसली की सांगतो." मी बोटं हलवत हात पुढे आणू लागले. कान गेला, गाल गेला. तो सरळ माझ्याकडे बघत होता. हात नाकाच्या रेषेत आला तेव्हा म्हणाला, "हं. आता." मग विचारलं, "कुठे होता?" मी सांगितलं.

"नीता, मी आता काय करू?"

मी त्याचा हात धरला.

भगवाननंच आम्हाला नाशिकपर्यंत सोडलं. वाटेत एकदा आरशात बघत तो मला म्हणाला, "सायेब झोपले का?" शिरीषचे डोळे उघडे होते.

हिंगोलीला जावं का, असं तुम्ही विचाराल. जा. रस्ता चांगला, माणसं सरळ, हळदीचा वास खरंच अंगात मुरतो. आम्ही काय घेऊन आलो, ते मात्र कुणाला बघायला मिळू नये.

गाडी विकली. परवा सकाळी शिरीष दूध आणायला एकटाच खाली उतरला. दुकान रस्त्याच्या पलीकडे. मी गॅलरीतून बघत होते. तो कडेला उभा राहिला, मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे. एक रिक्षावाला थांबला आणि जा म्हणून हात हलवू लागला. रिक्षा त्याच्या बाजूला होती. तो हात शिरीषला दिसलाच नाही. रिक्षा निघून गेली. रस्ता पूर्ण मोकळा झाला. तरी त्यानं पाऊल टाकलं नाही, पिशवीची घडी घातली आणि मागे फिरला.

"दूध संपलंय त्याच्याकडे," दारात येऊन तो म्हणाला.

मी कोरा चहा ठेवला.