तोंडात तीन बोटं

जबडा वाजायला लागला तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. घास चावला की उजव्या कानापुढे कट् व्हायचं आणि जांभई दिली की कळ थेट कानशिलात. थळच्या आमच्या घरात जेवताना फार कोणी बोलत नाही, त्यामुळे चौथ्या दिवशी बायकोनेच तो आवाज ऐकला.

"भातात खडा हाय का?"

"न्हाय."

"मग म्हातारे झालात," म्हणून ती हसली. मला हसू येईना.

माझा चुलता तोंडाच्या कॅन्सरने गेला. त्याचंही आधी तोंड उघडेनासं झालं होतं. नळीने पेज भरवणारा मीच होतो, त्यामुळे पुढचं सगळं मला पाठ होतं. त्याच वर्षी मी तंबाखू सोडली आणि भांडून भांडून बायकोची मिश्री सोडवली. तोंडाला चाळा हवा म्हणून वाडीतली सुपारी तिला मीच आणून देऊ लागलो. बाजारात मासळी घेऊन बसली की ती दिवसभर चघळत असते. सुपारीला आमच्याकडे कोणी व्यसन म्हणत नाही. ती देवापुढे ठेवतात.

रोज आरशापुढे आ वासून मी गाल बघायचो. काही नसलं तरी दिसल्यासारखं वाटायचं. मग एका सकाळी जाळं शिवता शिवता जबडा अडकलाच. दोऱ्याची गाठ दातात धरून ओढली आणि तोंड मिटेना. दोनचार क्षणच गेले असतील, पण मला चुलत्याची नळी आठवली. तसाच अलिबागला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी माझीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितलं. दुखलं, पण गेली. काम काय करता, असं विचारल्यावर मी दोरा कसा ओढतो ते दाखवलं.

"दातांनी? किती वर्षं?"

"कळायला लागल्यापासून."

त्या कपाळाला हात लावून हसल्या. सांधा दुखावला होता, बाकी काही नव्हतं. मऊ खा, शेक घ्या, गाठी हाताने ओढा. मग तंबाखू, सुपारी खाता का, असं विचारलं. मी नाही म्हटलं.

"बरं करता. नुसत्या सुपारीनेही गाल आतून आखडतात, पुढे कॅन्सरही होतो. ज्याची तीन बोटं जात नाहीत त्याला मी लगेच तपासते."

मी मान डोलावली. खरं म्हणजे मला काही नाही, एवढंच माझ्या कानात शिरलं होतं. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात नाचत होतो.

बायकोला सगळं रंगवून सांगितलं, बोटं घालूनही दाखवली. "काय येडेपणा," म्हणत तिनेही हात पुसून बोटं तोंडाशी नेली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. तिने जोर लावून पाहिला.

"माजी बोटं जाडी हायत," ती म्हणाली.

गेलं वर्षभर तोंड भाजतं म्हणून ती कालवणात मिरची कमी घालत होती आणि मी पानावर बसून कुरकुरत होतो.

"पुन्हा घाल," मी म्हटलं. माझा आवाज ऐकून तिचं हसू थांबलं. तिने पुन्हा बोटं नेली आणि मी मोजत राहिलो. दोनच.