पाहुण्यांचा गॅस

आमच्या आत्याबाई घरात कुठे आहेत, हे विचारायची कधी वेळच आली नाही. खोकला ऐकू येईल तिकडे जायचं. पहाटे चुलीपाशी, दुपारी घरामागच्या परड्यात, संध्याकाळी पुन्हा चुलीपाशी. सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणायची आमच्याकडची रीत. मी लोणावळ्याच्या तुंगार्लीत वाढलेली, रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक शिकलेली. लग्न होऊन टाकव्याकडच्या या गावात आले आणि पहिल्याच दिवशी चुलीपुढे बसून अशी काही रडले की शेजारणी म्हणाल्या, पोरीला माहेर फारच आठवतंय. माहेर कसलं आठवतंय, डोळ्यांत धूर गेला होता!

पावसाळ्यात तर बघायलाच नको. लाकडं ओली, गोवऱ्या ओल्या, फुंकणीने फुंकून गाल दुखायचे, आणि एवढं करून घरात उजेड कमी आणि धूरच जास्त. एका पावसाळ्यात आत्याबाईंना धाप लागायला लागली. विहिरीवरून घागर आणली की वाटेत दोनदा टेकायच्या. मीच त्यांना एसटीत घालून लोणावळ्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा धूर असाच आत जात राहिला तर यांना अंथरूण धरावं लागेल."

परतीच्या एसटीत आत्याबाई फणफणत होत्या. "त्या डाक्तरला काय कळतंय? त्यानं कवा भाकर थापलीया का?"

मी म्हटलं, "भाकरी नाही थापली हो, पण छाती तपासलीय." त्यावर त्यांना काहीतरी झणझणीत बोलायचं होतं, पण नेमकी खोकल्याची उबळ आली. मी मात्र मनातून पार घाबरले होते. बाई तोंडाने फटकळ, पण त्या घरात माझी बाजू घेणारं तेवढंच एक माणूस होतं.

मामंजींनी हे ऐकलं आणि गोबरगॅसचं मनावर घेतलं. तालुक्याच्या सभेत त्यांनी त्याबद्दल ऐकलं होतं, आणि गोठ्यात म्हशींची काही कमी नव्हती. परड्यात विहिरीसारखा गोल खड्डा खणला, आतून बांधून घेतला, शेण-पाणी कालवून भरलं आणि वर लोखंडी टाकी उलटी ठेवली. गॅस साठला की टाकी आपोआप वर उचलली जाते, असं सांगणारे सांगून गेले. मग काय, मामंजी खाट टाकून टाकीसमोरच बसले. म्हैस व्यायची वाट बघतानासुद्धा ते कधी इतके बसले नसतील.

एकदाची टाकी वर उचलली गेली. टाकीच्या नळीला जोडलेल्या शेगडीला मी काडी लावली आणि भप्पकन निळी ज्योत उठली. धूर नाही, काजळी नाही, आणि गावभर ज्याची चर्चा चालली होती तो शेणाचा वास तर मुळीच नाही. मामंजींनी नारळ फोडला. आत्याबाईंनी शेगडीला हळद-कुंकू वाहिलं, पदराने ती लख्ख पुसली आणि वर स्वच्छ फडकं झाकलं.

"झाकताय कशाला? भाकरी टाकायच्यात ना?" मी विचारलं.

"ह्यो पाव्हण्यांचा गॅस. आपल्याला चूल हाय की."

घ्या! आमच्या घरात चांगल्या कपबश्या पाहुण्यांच्या, नवी सतरंजी पाहुण्यांची, ट्रंकेतली चादर पाहुण्यांची. आता गॅसही पाहुण्यांचा. जिच्या छातीसाठी एवढा खड्डा खणला, ती बाई चुलीपुढे बसून खोकतेय आणि शेजारी शेगडी फडकं पांघरून निवांत! मी चिडले, रुसले, डॉक्टरांचं नाव घेऊन पाहिलं. त्यांचं आपलं एकच, "धुरानं माळा कोरडा ऱ्हातो, भाताच्या बियाण्याला किडा लागत न्हाई." बियाणं जपायचं कळत होतं, स्वतःला जपायचं नाही. मामंजी बोलायला गेले तर त्यांना म्हणाल्या, "तुमी टाकी बघा."

मग मी ठरवलं, पाहुणेच हवेत ना? आणते पाहुणे!

लोणावळ्याला आईकडे निरोप धाडला, नवलाख उंबरे गावच्या नणंदेला बोलावलं, कामशेतच्या बाजारात भेटेल त्याला "या की एकदा गॅस बघायला" म्हणत सुटले. मामंजी तर माझ्या वरताण. एसटीच्या कंडक्टरलाही हाताला धरून घेऊन आले. येईल त्याला पाय धुवायच्या आधी टाकी दाखवायची, मग जेवायला बसवायचं. पाहुण्यांना गॅसवरचं आणि घरच्यांना चुलीवरचं असं दुजाभावाचं वागणं आत्याबाईंच्या रक्तातच नव्हतं, त्यामुळे सगळाच स्वयंपाक गॅसवर व्हायला लागला. "काय बाई यंदा माणसं येत्यात!" त्या कपाळाला हात लावून म्हणायच्या. मी मान खाली घालून भाजी चिरायची.

एक दिवस मात्र कुणीच फिरकलं नाही. आत्याबाई चुलीत लाकडं रचायला बसल्या आणि तेवढ्यात डोंगरावरच्या वाडीतली मावशी मोळी घेऊन आली. आमच्याकडची लाकडं कायम तिचीच. आजवर ती बाहेर ओट्यावरच चहा प्यायची. मी तिला हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं आणि जाहीर केलं, "मावशी आज आपल्या पाहुण्या." आत्याबाईंनी डोळे वटारले. पण पाटावर बसलेल्या माणसाला उठवणार कसं? निमूटपणे फडकं काढलं.

पुढे मावशी मोळी घेऊन आली की आतच येऊ लागली. दोघी एका वयाच्या, एकाच जातीच्या खोकल्याच्या. ही खोकली की ती थांबायची, ती खोकली की ही. निम्म्या गप्पा त्यातच जायच्या. हिवाळा सरला. गॅसची सवय अशी लागली की पाहुणा नसला तरी फडकं निघायला लागलं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, असं मी आणि मामंजींनी डोळ्यांनीच ठरवून टाकलं.

शिमग्याच्या सुमाराला मावशी आली. चहा घेता घेता तिला मोठी उबळ आली. ती शांत झाल्यावर सवयीने आत्याबाईंच्या खोकल्यासाठी थांबली. आत्याबाई खोकल्याच नाहीत.

"तुजा खोकला कुटं गेला गं?" मावशीने विचारलं.

आत्याबाई स्वतःच चकित झाल्या. छातीला हात लावून बसल्या. मग त्यांनी शेगडीकडे बोट केलं. "ह्यानं नेला. धूर न्हाई, खोकला न्हाई. मावशे, तू बी बसीव ह्यो गॅस." आणि तिथल्या तिथे मामंजींना हुकूम सोडला, "वाडीवर एक टाकी बांदून द्या हिला."

मामंजींची कळी खुलली. "देतो की! म्हशी किती हायेत तुज्याकडं?"

"दोन शेळ्या हायेत," मावशी म्हणाली आणि खळखळून हसली. "आवो दादा, म्हस आसती तर म्या मोळ्या कशाला इकल्या आसत्या?"

आम्हीही हसलो. पाहुणे जमवायला भारी हुशार होते मी, पण त्या वेळी मला काही म्हणजे काही सुचलं नाही. मावशीने कप धुऊन पालथा घातला, ओट्यावर आली आणि नेहमीसारखं विचारलं, "मोळी कुटं टाकू?"

आम्हाला आता लाकडं लागत नव्हती. ती विकली गेली नाहीत, तर तिच्या चुलीवर त्या संध्याकाळी काही शिजणार नव्हतं. आत्याबाई उठल्या आणि मोळीसाठी गोठ्यात जागा करायला गेल्या.