चंपतरावांचा थांबलेला काटा

चंपतरावांचा राग अख्ख्या नंदनवन कॉलनीला ठाऊक. दूधवाल्यापासून कॉलनीच्या अध्यक्षापर्यंत त्यांनी एकाला सोडलं नाही. मूळचे कुही गावचे, सरकारी नोकरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले, आणि जीव कशात अडकलेला, तर जुन्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ घड्याळांत! मनगटाच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारी ती जडशीळ घड्याळं. एक बटण दाबलं की लाल काटा पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो, दुसरं दाबलं की खटकन शून्यावर. इतवारीच्या बाजारापासून खाप्याच्या दुकानांपर्यंत सगळं पालथं घालून त्यांनी ती जमवली होती. रोज एक हातावर. निळ्या डायलचं मात्र फडक्यात गुंडाळून कपाटात मागे.

कारण त्यात मिनल होती, त्यांची लेक. शाळेत असताना ती जिल्ह्याच्या शर्यतीत धावली, तेव्हा चंपतराव घड्याळ घेऊन दोरीपाशी उभे होते. पोरगी पहिली आली. लाल काटा चौदाव्या सेकंदावर थांबला, तो तिथंच राहिला. शून्यावर आणायला त्यांचा हातच होईना. पण हे घरात सांगतील तर शपथ! ओरडायला तेवढं तोंड आहे बुवाला.

यंदा धोंड्याचा महिना आला, लेक-जावई जेवायला आले. चंपतरावांच्या बायकोनं, शामलाबाईंनी, जावयाच्या वाणात अनारसे ठेवले, कपडे ठेवले, आणि वर ते निळं घड्याळ. नवरा कधी घालत नाही, म्हणजे त्याला नकोच असेल. अश्विनला, म्हणजे जावयाला, मागं एकदा आवडलंही होतं. त्या माउलीचं काय चुकलं?

चंपतराव बर्फ घेऊन घरात शिरले, तर जावयाच्या हातावर घड्याळ.

"बाबा, हे पाहा न," अश्विन खुशीत म्हणाला, "बटण दाबलं तं काटा खटकन शून्यावर गेला!"

बर्फाची पिशवी खाली पडली.

"कोनं देल्लं हे?" कूलरच्या खडखडाटावर त्यांचा आवाज चढला. "माही वस्तू! मले विचारलं काहून नाही वं?"

"एवढं काय झालं हो? जावयालेच तं देल्लं," शामलाबाई रडकुंडीला आल्या.

"माह्या पोरीची धाव होती त्याच्यात! पुसून टाकली तुम्ही सगळ्यायनं मिळून!"

अश्विननं घाईघाईनं घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवलं. मिनल वाढता वाढता थांबली. वाटी खाली ठेवून तिनं बापाकडे पाहिलं. आवाज अगदी बापाचाच.

"बाबा, माहे स्पाइकचे बूट कुठं आहेत?"

"कोणते बूट?"

"जे घालून मी धावली ते. दहावीत असताना तुम्ही भंगारवाल्याले देऊन टाकले. पोरीच्या जातीले पुरे झालं म्हणे! मी दारात रडून राहिली होती, अन् तुम्ही पेपर वाचून राहिले होते. माही वस्तू होती ते. मले विचारलं होतं?"

चंपतराव बर्फाची पिशवी उचलायला वाकले.

अश्विनच्या मनगटावर हललेलं घड्याळ ताटाशेजारी टिकटिकत होतं. मिनलनं ते उचललं, आपल्या हातावर चढवलं आणि पट्टा शेवटच्या भोकात आवळला.

"हे मी घेऊन चालली," ती म्हणाली. "अन् तुम्हाले विचारून नाही राहिली."