पाटीमागचं घर

"पाटी वाचू नका, घर गाठा," असं म्हणत आमचे सर कीबोर्डवरचा माझा हात दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायचे. विश्रांतवाडीहून कंपनीच्या बसने आदळत हिंजवडीला यायचे. डोळे कायम थकलेले, जीभ मात्र शाबूत. आमचे सगळे सर्व्हर तेच सांभाळायचे.

तुम्ही या धंद्यातले नसाल तर सांगतो. सर्व्हरवर काही फोल्डर नुसत्या पाट्या असतात. नाव इथे, सामान भलतीकडेच. त्याला लिंक म्हणतात. रीडलिंक ही कमांड दिली की खरा पत्ता दिसतो. एकदा डिस्क भरली म्हणून मी 'जुने' नावाचं फोल्डर उडवायला निघालो होतो. त्यांनी आधी ती कमांड द्यायला लावली. बघतो तर काय, पाटीमागे ग्राहकाचा चालू डेटा!

"अहो, न बघता घरं पाडायला तुम्ही काय महापालिका आहात?"

मग मंदी आली. एका सकाळी कपातीच्या यादीत त्यांचं नाव निघालं. इतक्या वर्षांचा माणूस, दुपारी गेटबाहेर. "यांचं खातं आणि फोल्डर लगेच उडवा," असं साहेबांनी मलाच सांगितलं. लाज वाटत होती. एकदाचं उरकावं म्हणून काही न तपासता उडवलं.

पाच मिनिटांत बोंब झाली. कुणाचंच काम उघडेना. पूर्वी जागा कमी पडली तेव्हा त्यांनी सगळ्या टीमचं सामान स्वतःच्या फोल्डरमध्ये घेतलं होतं, आणि आमच्याकडे फक्त पाट्या लावल्या होत्या.

मी धावत बाहेर गेलो. ते बसथांब्यावर होते, मांडीवर डब्याची पिशवी. कार्ड काढून घेतलेलं, त्यामुळे आत येणं शक्यच नव्हतं.

"सर, चुकलो."

"घर गाठलं नाहीत ना?"

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कामावरून काढल्याचं पत्र खिशात ठेवलं आणि रिकाम्या पाकिटावर बॅकअपचा पूर्ण पत्ता लिहून दिला, फोल्डरांच्या नावांमधली एकेक तिरकी रेघ ठळक करून.

"मी गेलो म्हणून घर रिकामं झालं, असं वाटलं होय तुम्हाला?"

बस आली, ते चढले. मला तिथेच रडू आलं.

संध्याकाळपर्यंत सगळं परत आणलं. फोल्डरवरचं त्यांचं नाव बदला, साहेब म्हणाले. मी बदललं नाही. आता मीही थकलोय. नवी मुलं रीडलिंक देतात आणि पत्त्यात सरांचं नाव येतं.

"सर, हे कोण? स्टाफच्या यादीत तर नाहीत."

"घर त्यांचं आहे," मी सांगतो. "आपण नुसते राहतोय."