टेबलावर सोडलेली पुस्तकं

बाळांनो, स्नेहलतागंजातल्या आमच्या वाचनालयातलं मराठीचं कपाट गोदामात जाणार, असं मागच्या महिन्यात कळलं. आम्ही चार मैत्रिणी रोज दुपारी तिथेच बसून वाचतो. मी तडक ग्रंथपालबाईंपुढे उभी राहिले.

"आंटीजी, मराठी तो कोई छूता ही नहीं," त्या म्हणाल्या.

"मग आम्ही काय रोज पंख्याची हवा खायला येतो?"

त्यांनी वही दाखवली. संध्याकाळी टेबलांवर जी पुस्तकं पडलेली असतात, ती भाषेप्रमाणे मोजून त्या वहीत लिहितात. हिंदी भरपूर, इंग्रजी बरी, सिंधीसुद्धा होती. मराठीपुढे महिनाभर शून्य!

मैत्रिणी माझ्याकडे बघायला लागल्या. वाचून झालं की पुस्तक पुसून जागेवर ठेवायचं, हा नियम माझा. एक जण एकदा पुस्तक टेबलावर विसरली, तर मी तिला जिन्यावरून परत बोलावलं होतं.

"घ्या, आणखी शिस्त लावा!" आता तीच म्हणाली.

त्या दिवसापासून आम्ही वाचलेली पुस्तकं टेबलावर तशीच टाकून निघतो. माझे हात शिवशिवतात, पण कपाट जागेवर आहे. ग्रंथपालबाई मात्र कुरकुरतात, "आंटीजी, कितना फैलाते हो!"

तुमच्याही तिथल्या वाचनालयात मराठीचा एखादा कप्पा असेल. त्यातलं पुस्तक काढा, वाचा आणि खुशाल टेबलावर सोडून या. घरी मात्र पसारा चालणार नाही.