सहा घरांतली दोन अरुंद

"मेंढरं वळणाऱ्यानं मला माप शिकवू नये!"

हे वाक्य हरणाबाईनं ऐकलं तेव्हा ती सांगलीतल्या बंदुकांच्या दुकानाच्या पायरीवर नवऱ्याचा जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. अकरा वर्षं झाली त्याला. बोलणारा होता जयराज, साखर कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. ऐकून घेणारा तिचा नवरा बिराप्पा, त्या दुकानातला मिस्त्री.

"मी कुठं शिकवतोय साहेब? माप ही कांडी सांगती," बिराप्पानं बोटाएवढी पोलादी कांडी पुढं केली. "तुमच्या रिव्हॉल्वरच्या चार घरांतनं जाती, दोनात अडती. तुमीच घालून बघा."

"रिव्हॉल्वर नवं कोरं आहे. मी स्वतः सही करून ताब्यात घेतलंय."

"सही केल्यानं भोक रुंद हुतंय व्हय?"

दुकानात कुणीतरी फिसकन हसलं, आणि तिथंच घात झाला. माणूस एक वेळ मार विसरेल, हसू विसरत नाही. बिराप्पानं लिहून दिलेला कागद जयराजनं टराटरा फाडला, रिव्हॉल्वर उचललं आणि गेला. हरणाबाई पायरीवरून उठली, कागदाचे तुकडे वेचले आणि डब्याच्या फडक्यात बांधले. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

बिराप्पा आटपाडीकडचा. लहानपण बापाच्या मेंढरांमागं गेलं, अठराव्या वर्षी फौजेत भरती झाला. तिथं त्याच्या हाती बंदूक चालवायला कमी आणि दुरुस्तीलाच जास्त आली. बावीस वर्षं तेच केलं. मग कुंडलला घर बांधलं आणि सांगलीच्या दुकानात लागला. त्याची एक खोड होती. हत्यारात दोष सापडला की तो कागदावर लिहायचा, ज्याचा त्याला स्वतः नेऊन द्यायचा, पोच म्हणून सही घ्यायचा आणि ती पोच घरी पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. "तोंडी सांगितलेलं वारा नेतो," म्हणायचा. गावात याला कुणी चिकट म्हणायचं, कुणी खुळा.

त्या रिव्हॉल्वरचा दोष हरणाबाईला त्यानं जेवताना समजावला होता, आणि चार बुकं न शिकलेल्या तिला तो चटकन कळला. फिरकीत सहा घरं असतात, घरागणिक एक काडतूस. घराच्या पुढच्या तोंडातून गोळी निघते आणि नळीत शिरते. ते तोंड नळीपेक्षा केसभर सैल पाहिजे, आणि सहाही घरांचं सारखं पाहिजे. तोंड अरुंद असलं तर शिशाची गोळी तिथं दाबली जाऊन बारीक होते. चकलीच्या सोऱ्याची चकती बारीक असली की मागून कितीही जोर लावा, चकली बारीकच पडणार. आणि ती बारीक झालेली गोळी नळीत गेली, की ढगळ चोळीतल्या अंगासारखी हलते. मग नेम धरणारा कितीही पट्टीचा असो, गोळी जाईल तिकडं जाईल.

एवढं सोपं होतं. पण जयराजनं ते रिव्हॉल्वर तसंच वापरात ठेवलं. खराब म्हणायचं, तर आपलीच सही खोटी ठरणार! दरवर्षी रखवालदारांच्या नेमबाजीच्या परीक्षेत बारातल्या नऊ गोळ्या निशाणाच्या कागदावर लागाव्या लागत. दोन फेऱ्यांत दोन-दोन, म्हणजे चार आधीच गेलेल्या. नऊ लागणार कुठून? अकरा वर्षांत तीन रखवालदार त्या रिव्हॉल्वरनं नापास केले. तिसरा मेढ्याचा लालासाहेब. फौजेतला नेमबाज तो, पण त्याला हत्यार काढून घेऊन वजनकाट्यापाशी झाडलोटीला लावलं. "हात थरथरतो, पीत असेल," अशी बोलवा उठली. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस मान खाली घालून गावी निघून गेला. ही असली पातकं कुठल्या वहीत लिहीत नाहीत.

परवाच्या साली ते रिव्हॉल्वर आलं सोनमच्या कमरेला. सोनम बिराप्पाच्याच गल्लीतली सून, कारखान्याच्या फाटकावरची पहिली बाई रखवालदार. दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा झाली की पट्टा काढून उपाहारगृहात.

"साहेब म्हणत्यात, बायकांच्या हाताला लाटणंच बरं," ती बिराप्पाच्या ओट्यावर बसून सांगत होती.

हरणाबाईचं डोकंच फिरलं. "त्याला म्हणावं, ये, एक भाकरी थापून दाखव! गोल न्हाई, नुसती तव्यावर अख्खी पडू दे!"

बिराप्पानं सोनमला विचारलं, "कंच्या घरातल्या गोळ्या चुकत्यात?"

"कशा कळणार आबा? सहाबी त्याच कागदावर जात्यात."

बिराप्पा डोळे चोळू लागला. वय झालं होतं, डोळ्यांत मोतीबिंदू. हरणाबाई चुलीपासूनच म्हणाली, "आवं, कळपातली कंची मेंढी फुटती ते कळत नसलं, तर काय करत हुता तुमचा बा? पाठीवर गेरू लावत हुता न्हवं? एवढं इसरलात?"

बिराप्पा तिच्याकडं बघतच राहिला. "अगं, बावीस वर्षं फौजेत तुलाच पाठवाय पायजे हुतं."

परीक्षेच्या दिवशी तिघं मैदानावर गेली. बिराप्पाकडं सहा कागद, कांडी आणि गेरूची पुडी. हरणाबाईकडं फडक्यातले ते जुने तुकडे. परीक्षा घेणारा उस्ताद बाहेरून आलेला, पिकल्या मिशांचा. त्यानं तुकडे जुळवून वाचले, कांडी स्वतः सहा घरांतून घातली, आणि भुवया वर केल्या.

उस्तादाच्या परवानगीनं बिराप्पानं फिरकीवर बाहेरून गेरूच्या खुणा केल्या. एक ते सहा.

"आज बेंदूर आहे का, शिंगं रंगवायला?" जयराज हसला.

"बेंदूर बैलांचा असतो साहेब," बिराप्पा म्हणाला. "आज कोण रंगतंय ते बघू."

एका वेळी एकच घर भरायचं, घरागणिक वेगळा कागद. सोनमनं झाडल्या. तिसऱ्या आणि पाचव्या घराच्या गोळ्या कागद सोडून गेल्या, बाकी मधोमध. मग उस्तादानं झाडल्या. तीन आणि पाच, बाहेर. उस्तादानं रिव्हॉल्वर जयराजपुढं धरलं. "साहेब, आपण." नाही म्हणायची सोय नव्हती. तिसऱ्या घराची गोळी गेली आणि मागच्या बांधावरची माती उडाली. पाचव्याचीही तीच गत.

"पदर सावरा साहेब," हरणाबाई मागून म्हणाली, "हात थरथरला जणू!"

सोनमला दुसरं रिव्हॉल्वर मिळालं. बारातल्या अकरा लागल्या. खराब रिव्हॉल्वरला चिठ्ठी बांधून ते बाजूला काढलं. आणि जयराज? "यंत्राचा दोष होता," एवढं म्हणून त्यानं चहा मागवला. यंत्राचा! बिराप्पानं आधीच्या तिघांचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "जुन्या फाइली बंद झाल्या."

"फाइली बंद झाल्या असत्याल," बिराप्पाचा आवाज चढला, "माणसं अजून उघडी हायत!"

घरी न जाता तिथंच बसून त्यानं तीन कागद लिहिले. घर तीन, घर पाच, तोंड अरुंद, दोष हत्याराचा, हाताचा नाही. उस्तादानं तिन्हीवर सही केली. दोन कागद जवळच्या गावांत द्यायचे होते, दोन दिवसांत पोचले. राहिला मेढ्याचा.

"एवढ्या लांब कशाला? फोन करा की," हरणाबाई म्हणाली.

"तोंडी सांगितलेलं..."

"व्हय व्हय, वारा नेतो. भाकरी तेवढी न्या."

ते त्याच्या हयातीतलं शेवटचं काम. तेव्हा हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून कुणी वेगळं काही केलं नाही. पहाटेच्या एसटीनं तो गेला, साताऱ्याला गाडी बदलली, दिवेलागणीला परत आला. लालासाहेबानं कागद आधी मनात वाचला, मग बायकोला बाहेर बोलावून तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. शेजाऱ्याला ऐकू जावं म्हणून परत एकदा.

"सही घेतलीसा?" हरणाबाईनं विचारलं.

बिराप्पानं खिशातली पोच काढून दिली. तिनं ती दिव्यापाशी धरली. अक्षर तिला लागत नव्हतं, पण रेघ दिसत होती. सरळ होती, कुठं थरथर नव्हती.

"डब्यात ठेव," तो म्हणाला, पिशवी खुंटीला अडकवली, आणि पाय धुवायला मागं गेला.